जीवग्रंथ आणि पुनरुक्तिदोष

सस्तन प्राण्यांच्या जनुकसंभारास 'ग्रंथ' म्हणण्याचा प्रघात आमच्या विज्ञानलेखनांत रूढ झाला आहे. रूपक सुंदर खरें. परंतु लेखक ग्रंथाचे दोषहि पेशींत शोधूं लागतात, तेव्हां हरकत घेणें आम्हांस प्राप्त होतें.

वाहक आरएनएचीं जनुकें घ्या. प्रथिन घडत असतां एकेक अमिनो आम्ल आणून पोंचविणें हें या रेणूंचें काम. २००१ सालच्या मानवी आराखड्यांत हीं जनुकें ४९७ भरलीं. अमिनो आम्लें मात्र अवघीं वीसएक! त्या मोजणींत निम्म्याहून अधिक पहिल्या व सहाव्या गुणसूत्रांवर, त्यांतहि सहाव्याच्या एका लहानशा भागांत १४० ची दाटी. बाविसाव्यावर एकहि नाहीं. आमच्या आलंकारिकांनीं पुनरुक्ति आणि भग्नप्रक्रम हे दोन्ही दोष तत्काळ नोंदविले असते.

क्रमाचा आक्षेप फारसा टिकत नाहीं. वाचनारंभाची खूण या जनुकांच्या पोटांतच असल्यामुळें तीं दूर जाऊन पडलीं तरी बहुधा वाचलीं जातात. पुनरुक्तीचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि त्यास दाखला आमच्या मावळांतच सांपडतो. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहांतील दानलेखांत 'धेनुकाकट' हें ग्रामनाम वारंवार येतें. उतावळा वाचक म्हणेल, तेंच तें! पण दाता कोठें गंधी, कोठें सुतार, कोठें यवन. गांव एक, दान निराळें.

उंदरांतहि असेंच दिसलें. आर्जिनीनच्या एका वाहकाचीं त्यांत पांच जनुकें. पैकीं एक मुख्यतः मज्जासंस्थेंत राबतें. प्रयोगशाळेंतील एका सर्वपरिचित वाणांत तें बिघडलेलें असूनहि खपून जाई. परंतु अडलेल्या रायबोसोमांस सोडविणारें दुसरें एक प्रथिन नाहींसें होतांच मेंदूंतील पेशी मरूं लागल्या. २०१४ सालच्या या शोधानंतर प्रतींस फालतू म्हणणें धाडसाचेंच.

तंतुकणिकेच्या स्वतंत्र संहितेंत तर उधळेपणा मुळींच नाहीं. तेथें हीं जनुकें २२ च, इतरांच्या मधोमध बसविलेलीं. लांब आरएनएचे तुकडे बहुधा तेथेंच पडतात. विरामचिन्हांची उपमा येथें मात्र शोभते. त्यांतील ल्यूसीनच्या एका जनुकांत ३२४३ व्या स्थानीं 'ए'च्या जागीं 'जी' आला, तर तरुणपणींच अर्धांगासारखे झटके येणारा व्याधि संभवतो. रोग्याच्या घरच्यांस 'हा मुद्रणदोष' असें सांगून कसें भागेल? बदल मातेकडून येतो; तोच बदल असूनहि सख्खें भावंड धडधाकट राहूं शकतें, कारण बदललेल्या प्रतींचें प्रमाण दोघांत निराळें असतें. छापील ग्रंथाची कोणती आवृत्ति अशी वागते?