मुक्काम देवनहळ्ळी

देवनहळ्ळीशी आपली बहुतेकांची ओळख विमानातून उतरण्यापुरती असते. २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ या गावाजवळ सुरू झाला आणि गावाचे नाव फलकावर उरले. टॅक्सी उजवीकडे न वळता डावीकडे वळली तर थोड्याच वेळात एक किल्ला लागतो. १५०१ मध्ये मल्ल बैरेगौडाने तो मातीचा बांधला आणि हैदर-टिपूच्या काळात त्याला दगडी रूप आले, असे सांगितले जाते. टिपूचा जन्म इथला. त्याच्या जन्मस्थळाची खूण म्हणून किल्ल्याबाहेर खांबांचा एक लहानसा चौक उभा आहे. तटाचे अर्धगोल बुरूज शाबूत आहेत. आत किल्ला म्हणावे असे फारसे काही नाही, कारण आत गाव राहते. गल्ल्या आहेत, दुचाक्या आहेत, वेणुगोपालस्वामीचे देऊळ आहे आणि तटाच्या कडेने कपडे वाळत असतात.

या गावाचे नाव मी चित्रकलेच्या संदर्भात घेतो आहे, त्याला कारण आहे. १७९१ च्या मार्चमध्ये बंगळूर घेतल्यावर कॉर्नवॉलिस उत्तरेला निघाला आणि देवनहळ्ळी फारसा प्रतिकार न होता त्याच्या हाती आली. मराठे या युद्धात इंग्रजांचे दोस्त होते. परशुरामभाऊ पटवर्धन त्या वेळी धारवाडच्या वेढ्यात अडकलेले होते. ते आणि हरिपंत फडके कॉर्नवॉलिसला येऊन मिळाले मे महिन्याच्या अखेरीस, मेलुकोट्याजवळ. उपाशी इंग्रज फौजेने मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारातून धान्य विकत घेतले, ही हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. त्याच फौजेबरोबर एक चित्रकार फिरत होता, ही हकीकत आपल्याकडे फार कोणी सांगत नाही.

त्याचे नाव रॉबर्ट होम. १७९१ मध्येच तो मद्रासला उतरला आणि परवानगी मिळवून लष्कराबरोबर म्हैसूर प्रांतात आला. १७९४ मध्ये त्याने ‘सिलेक्ट व्ह्यूज इन मायसोर’ हे पुस्तक काढले. जेम्स हंटर हा तोफखान्यातला अधिकारी याच मोहिमेत चित्रे काढत होता. तो १७९२ मध्ये वारला, आणि त्याची म्हैसूरची दृश्ये पुढे काही वर्षांनी लंडनमध्ये छापली गेली. त्यांच्या शीर्षकात ‘पिक्चरेस्क’ हा शब्द आहे. निसर्ग किंवा पडकी वास्तू आधीच चित्र असल्यासारखी पाहायची, अशी ती त्या काळच्या इंग्लंडमधली आवड. हंटरच्या नजरेत कौशल्य आहे आणि प्रकाशाची जाणही आहे. पण ज्या मुलुखावर कालपर्यंत तोफा चालल्या तो इथे निवांत पसरलेला दिसतो आणि माणसे अंतराचे माप दाखवण्यापुरती येतात. होमने टिपूचे मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन होतानाचे मोठे तैलचित्र रंगवले, त्यात एका कडेला स्वतःलाही काढले, काखेत चित्रांची बासने घेऊन. ते चित्र मला प्रामाणिक वाटते. आपण इथे कोणाबरोबर आलो हे त्याने लपवले नाही.

या युद्धाचे दुसरे टोक पुण्यात आहे. १७९० मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने पेशवे दरबाराशी टिपूविरुद्धचा तह केला. तो दरबार थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवला. चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने काम केले ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या अभ्यासचित्रांवरून. वेल्स पुण्यात राहिला, सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे त्याने केली, आणि त्याच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. त्या वर्तुळात गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करत होता.

गंगारामचे एक चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे: पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा. इथे प्रवास गेंड्याने केला होता. चित्रकार आपल्या गावातच होता, आणि तरी त्याला असे काही दिसले जे त्याच्या हाताने पूर्वी केले नसावे. आडनावावर फार भिस्त ठेवू नये हे मान्य, पण तांब्याच्या पत्र्याशी घरोबा असलेल्या माणसाला गेंड्याच्या घडीघडीच्या कातडीचे वेगळे आकर्षण वाटले असेल, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. पुढे मॅलेट आणि वेल्ससाठी त्याने वेरूळ आणि कार्ले इथल्या लेण्यांची रेखाटने केली. लेण्याचे चित्र काढणे अवघड काम. इमारतीभोवती फिरून तिचा आकार समजून घेता येतो, लेण्याला बाहेरची बाजूच नसते. उजेड एका तोंडाने येतो आणि आतली मूर्ती दिवसातून थोडा वेळच नीट दिसते. म्हणजे तिथे थांबावे लागते. मापे घ्यावी लागतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते.

वेल्स १७९५ मध्ये ठाण्याला वारला. वेरूळची चोवीस दृश्ये डॅनियलने १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे. गंगारामचे नाही. त्याची चित्रे मॅलेटच्या संग्रहातून पुढे येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात गेली आणि अलीकडच्या काळात तिथल्या अभ्यासकांनी त्याच्याकडे नीट लक्ष दिले. मराठी चित्रकलेची गोष्ट सांगताना आपण अजूनही जे. जे. स्कूलच्या स्थापनेपासून, १८५७ पासून, सुरुवात करतो. गंगाराम तळटीपेत राहतो.

हे सगळे आठवायचे कारण ‘प्रेरणा’ हा शब्द. मराठी प्रदर्शनांची पत्रके मी बरीच वर्षे वाचतो आहे. तरुण चित्रकार लडाखला जातो, हंपीला जातो, आता व्हिएतनामलाही जातो, आणि पत्रकात छापले जाते की प्रवासातून त्याला प्रेरणा मिळाली. कोणती, ते वाक्य सांगत नाही. खर्च कोणी केला, तिथे किती दिवस होता, काय काम होते, हेही सांगत नाही. होमला फौजेने नेले, गंगारामला एका वकिलाच्या हौसेने. दोघेही पगारी डोळे होते. फरक पडला तो कामाच्या स्वरूपाने. होमला दृश्य टिपून पुढच्या मजलेवर निघायचे होते, गंगारामला मोजायचे होते. मराठीत यासाठी जुना शब्द आहे, मुक्काम. पेशवाईतल्या पत्रांत तो जागोजागी भेटतो. प्रवासातली ती एकच वेळ, जेव्हा आजूबाजूला काय आहे ते दिसू लागते.

विसाव्या शतकातली दोन नावे घेतो. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, आपल्या चित्रकारांत त्यांच्याइतका हिंडलेला दुसरा सापडणे कठीण. काश्मीर, शांतिनिकेतन, अमेरिका, युरोप. निसर्गचित्रातला त्यांचा हात असा होता की कुठेही उतरावे आणि तासाभरात तिथली हवा कागदावर यावी. हीच त्यांची अडचणही होती असे मला वाटते. सगळीकडची हवा येते, पण एका ठिकाणाने त्यांना अडवून धरले असे क्वचितच जाणवते. त्यांचे चित्र घट्ट होते ते बडोद्याला स्थिरावल्यावर, जिथे १९५० पासून ते शिकवत होते. १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले ‘द थॉर्न’ त्याच काळातले.

प्रभाकर बरवे यांचा प्रवास म्हणजे नोकरीतली नेमणूक. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात लागले आणि बनारसला गेले. हातमागाला चांगली संकल्पने मिळावीत म्हणून निघालेल्या या केंद्रांनी त्या काळात अनेक चित्रकारांचे पोट भरले. के. जी. सुब्रह्मण्यन, जोगेन चौधरी आणि अर्पिता सिंग यांनीही तिथे काम केले. बरवे बनारसला चारेक वर्षे राहिले. तिथे त्यांना तांत्रिक प्रतीके भेटली, हे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण रोजचे काम होते विणकामाचे. वस्त्राचा नमुना आलेखाच्या कागदावर चौकटीचौकटीने भरावा लागतो. त्यात सावली नाही, खोली नाही, प्रत्येक आकाराला आपली जागा आणि दोन आकारांमधल्या रिकाम्या जागेलाही मोजलेली रुंदी. मुंबईला परतल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर पान, घड्याळ, लिफाफा अशा वस्तू एकमेकींपासून ठरावीक अंतरावर, सपाट, जणू वजन नसल्यासारख्या येऊ लागल्या. त्या रिकाम्या अंतरात मला घाटापेक्षा माग जास्त दिसतो. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यांचे पुस्तक आता शांता गोखले यांच्या भाषांतरामुळे इंग्रजीतही वाचता येते. मराठी न वाचणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. त्यात प्रवासवर्णन जवळजवळ नाहीच.

गेल्या हिवाळ्यात देवनहळ्ळीच्या तटावर मला एक मुलगी चित्र काढताना भेटली. कोल्हापूरकडची, कलाशिक्षण तिथलेच, बंगळूरला एका कंपनीत संगणकावर चित्रे करते. मराठी ऐकून तिने वही पुढे केली. गावी प्रदर्शन करायचे म्हणाली. “सर, पत्रकासाठी चार ओळी द्याल? प्रवासातून मिळालेली प्रेरणा, असं काहीतरी.” वहीत चौदा किल्ले होते. बहुतेकांना एकेक पान. रेषा सफाईदार, जलरंगाचे हात नेमके, आणि चौदाही पानांवर बुरूज तिरप्या उन्हात. हंटर पाहता तर खूश झाला असता.

देवनहळ्ळीची मात्र सहा पाने होती, कारण घर जवळ, बस सोयीची. पहिल्या दोन पानांत तोच बुरूज, तेच ऊन. तिसऱ्या पानात कपड्यांची दोरी आली होती आणि बुरूज तिच्यामागे ढकलला गेला होता. चौथ्यात बुरूज नव्हताच. तटाच्या पायऱ्यांवर ताट घेऊन बसलेली म्हातारी होती, तिचा एक पाय पुन्हा पुन्हा खोडून काढलेला. ते चित्र फसले आहे. तरी सगळ्या वहीत मला तेच पाहत राहावेसे वाटले, कारण तिथे रेषेला आधीपासून उत्तर माहीत नव्हते.

मी तिला विचारले की गावातली माणसे जमिनीबद्दल काही बोलतात का. याच तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीत विमान-उद्योगाच्या वसाहतीसाठी १,७७७ एकर जमीन घ्यायचे ठरले होते, शेतकरी २०२२ पासून धरण्यावर बसले होते आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने तो बेत सोडला. तिला पुसटसे ठाऊक होते. चित्रात ते यायलाच हवे असा माझा आग्रह नाही. विषयाची सक्ती करणारी समीक्षा आपण पुष्कळ भोगली आहे. पण दगडी तट काढताना त्याच्या पलीकडे काय चालले आहे हे माहीत असणे आणि नसणे, याने तटाची रेषा बदलते, असे मी मानतो. होमच्या पुस्तकातले किल्ले पाहताना हाच प्रश्न मी विचारतो, तर चोवीस वर्षांच्या मुलीला सूट का द्यावी?

“मग चौदा किल्ले लावू नको?” तिने विचारले. बारा काढ, मी म्हणालो, देवनहळ्ळीची सहाही लाव, फसलेले चौथे धरून. तिला ते पटले नाही. फसलेले चित्र भिंतीवर लावले तर घरचे काय म्हणतील, हा तिचा प्रश्न खरा होता. आणि विकले जातात ते बुरूजच, हेही तिने सांगितले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वेरूळची दृश्ये १८०३ मध्ये लंडनला छापली गेली तेव्हाही गिऱ्हाईक होतेच.

पाचव्या आणि सहाव्या पानावर वेणुगोपालस्वामीच्या देवळाची भिंत होती. बाहेरून रामायणातले प्रसंग आणि बाळकृष्णाच्या लीला कोरलेल्या आहेत. ती एका कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक शिल्प क्रमाने काढत होती, शेजारी वितीने मोजलेली मापे लिहून. असे का, विचारल्यावर म्हणाली की देवळाच्या सावलीत बसायला बरे वाटते, आणि एक झाले की पुढचे काढावेसे वाटते. दोन रविवारांत सात शिल्पे झाली होती. प्रदर्शनापर्यंत भिंत संपणार नाही, म्हणून ती पाने लावायची नाहीत असे तिने ठरवले होते. पत्रकासाठी मी ज्या चार ओळी दिल्या, त्या या दोन पानांविषयी आहेत.