‘स्वायत्त’ प्रयोगशाळा : एक चिकित्सा

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी जीपीटी-४ वर आधारित ‘कोसायंटिस्ट’ या प्रणालीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. साध्या भाषेतील सूचनेवरून तिने सुझुकी व सोनोगाशिरा अभिक्रियांची आखणी करून त्या यंत्राकरवी घडविल्या. उपकरणाची आज्ञावली चुकली, तेव्हा माहितीपुस्तिका पाहून तिने ती दुरुस्तही केली. तथापि शीर्षकातील ‘स्वायत्त’ हे विशेषण तपासून घ्यावयास हवे. नमुन्यांच्या प्लेट्स माणसांनीच हाताने हलविल्या होत्या. म्हणजे श्रम माणसाचे, निर्णय यंत्राचा! आपल्या पदवी वर्गात अपेक्षित वाचने आधी लिहून मग अनुमापन करणारा विद्यार्थीही निर्णय असाच गमावतो. यंत्राच्या चूक-दुरुस्तीचे कौतुक करणाऱ्या आपण प्रात्यक्षिक-वहीतील प्रामाणिक चुकीस आणि तिच्या दुरुस्तीस गुण द्यावयास हवेत.