चिमुकली मोटार व तिची प्रतिकृति

इंग्लंडांतील एका छंदाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिणार आहों, आणि तो छंद मोटारींचा आहे हें कळतांच आमचे कांहीं वाचक पान उलटतील अशी आम्हांस भीति वाटते. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, आम्हांस स्वतःस मोटार हांकतां येत नाहीं, व यंत्रशास्त्रांतील आमची गति सायकलचें चाक पंक्चर झाल्यास ती दुकानापर्यंत ढकलीत नेण्यापलीकडे गेलेली नाहीं. तथापि ज्या वस्तूवर शहाणीं माणसें चाळीस-चाळीस वर्षें प्रेम करतात, जिची लहान प्रतिमा करून टेबलावर ठेवतात, आणि त्या प्रतिमेचा रंग मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं यावरून मित्रामित्रांत अबोला धरतात, त्या वस्तूंत रसिकतेचा कांहीं प्रश्न गुंतलेला असलाच पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही विलायतेस गेलों असतां ऑक्सफर्डजवळच्या एका खेड्यांत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस आपल्या घरीं नेलें. त्याच्याजवळ १९५८ सालीं प्रथम निघालेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइट जातीची मोटार आहे. इंग्लंडांत तिला लोक 'बेडूकडोळी' म्हणतात, आणि तिचें मुख एकदां पाहिलें कीं या नांवाचें स्पष्टीकरण मागावेंसें वाटत नाहीं. बॉनेटवर उठून आलेले दोन वाटोळे दिवे, आणि त्यांच्या खालीं ओठ फांकून हंसल्यासारखी जाळी. हे दिवे एरवीं मागें कलून बॉनेटांत दडावेत अशी मूळ योजना होती. परंतु ती यंत्रणा महाग पडूं लागली, म्हणून ते जेथल्या तेथें उघडेच बसविण्यांत आले. म्हणजे ज्या डोळ्यांवर आज इतके लोक लुब्ध आहेत, ते केवळ काटकसरीचें अपत्य होत! संपादकानें जागेअभावीं कापलेल्या कडव्यामुळें कविता सुधारल्याचीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत. कवीला तीं सांगूं नयेत इतकेंच.

या गाडीला दाराच्या बाहेरून मूठ नाहीं. आंत हात घालून दार उघडावें लागतें. मागच्या सामानाच्या जागेला झांकण नाहीं. पिशव्या बैठकीच्या पाठीमागून आंत सरकवाव्या लागतात. एंजिन ९४८ घनसेंटिमीटरचें व ४३ अश्वशक्तीचें. आज पुण्याच्या रस्त्यावरून मुलांना शाळेंत पोंचविणारी साधी संसारी मोटारही तिला सहज मागें टाकील. असें असूनही ताशीं चाळीस मैलांनीं एका वळणावरून जातांना आम्हीं दार घट्ट धरून ठेवलें होतें, कारण रस्ता आमच्या कोपरापासून फार दूर नव्हता. वाटेंत पाऊस आला. टप चढविण्याचा विधि यजमानांनीं आरंभिला. दांड्या बाहेर आल्या, कापड ताणलें, बटणें शोधलीं गेलीं, आणि सर्व कांहीं यथास्थित झालें तेव्हां पाऊस थांबला होता. यजमान अत्यंत प्रसन्न दिसत होते.

या प्रसन्नतेची मीमांसा करावयाची तर थोडें मागें जावें लागतें. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या दुकानाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं १९२८ सालीं 'मिजेट' या नांवाची एक लहान गाडी लंडनच्या प्रदर्शनांत मांडली. त्याच वर्षीं निघालेल्या स्वस्त मॉरिस मायनरचा सांगाडा व तिचें ८४७ घनसेंटिमीटरचें एंजिन घेऊन त्यांनीं वर लांकडी चौकटीचें, होडीसारख्या निमुळत्या शेंपटाचें हलकें शरीर बसविलें, आणि किंमत ठेविली १७५ पौंड. तोंपर्यंत शर्यती थाटाची मोटार ही श्रीमंतांची चैन होती. किंबर यांनीं दाखवून दिलें कीं वेगाचा आनंद हा वेगाच्या आंकड्यावर अवलंबून नाहीं. वजन कमी, बैठक जमिनीलगत, आणि चाकाखालीं काय चाललें आहे हें हाताच्या तळव्यास कळत असलें, कीं कारकुनाच्या मिळकतींतही तो आनंद बसतो. पुढील साऱ्या परंपरेची गुरुकिल्ली हीच. स्प्राइटचें एंजिन ऑस्टिनच्या एका घरगुती गाडींतून व सुकाणूची यंत्रणा मॉरिस मायनरमधून घेतलेली आहे. १९६२ सालीं निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही हेरल्ड नांवाच्या सोज्वळ कुटुंबगाडीच्या पोटची. हेरल्डला तर आपलेकडील वडील पिढी चांगली ओळखते; मद्रासेस तयार होणारी 'स्टँडर्ड हेरल्ड' ती हीच, आणि तिचा व स्पिटफायरचा रूपकार एकच, मिकेलोत्ती नांवाचा इटालियन. ओवीचा सांचा कोणाच्याही खाजगी मालकीचा नव्हे. जात्यावरही ती चालते आणि ज्ञानेश्वरीतही. उसन्या सुट्या भागांवरून या गाड्यांना हिणविणाऱ्यांस आमचें हेंच उत्तर आहे.

परंतु या गाड्यांचे कैवारी जेव्हां त्यांची स्तुति करूं लागतात, तेव्हां ते बहुधा भलत्याच गुणांची करतात. कोणी म्हणतो त्या वेगवान् होत्या, त्या नव्हत्या. कोणी म्हणतो त्या चिवट बांधणीच्या होत्या. त्यांचे पत्रे गंजत, तेल गळे, आणि टपाचें तर वर वर्णन केलेंच आहे. तिसरा पक्ष अधिक चतुर आहे. तो म्हणतो, हे दोषच त्यांचा आत्मा होत. १९८९ सालीं जपानांतील माझ्दा कंपनीनें एमएक्स-५ ही गाडी काढली, ती याच इंग्रजी नमुन्यावर बेतलेली: लहान, हलकी, दोन माणसांची, उघडी. फरक इतकाच कीं ती सकाळीं किल्ली फिरवितांच सुरू होई. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख प्रती निघाल्या. तरी या पक्षाचें म्हणणें असें कीं, तिच्यांत 'तें कांहीं' नाहीं, कारण ती बिघडत नाहीं! आम्हांस हा युक्तिवाद ज्या गृहस्थांस पोथी वाळवीनें खाल्ली असल्याखेरीज अभंगांत भक्ति दिसत नाहीं त्यांच्या पंक्तीचा वाटतो. जुन्या वस्तूचा दोष क्षम्य असतो, कधीं प्रियही होतो. तो गुण होत नाहीं. जपान्यांनीं गुण ओळखला व दोष सोडला, ही त्यांची उत्तम समीक्षा होय, आणि इंग्रजी मोटारींविषयीं लिहिल्या गेलेल्या कित्येक जाड पुस्तकांपेक्षां ती अधिक मर्मग्राही आहे.

मग राहतें काय? आमच्या मतें प्रमाणबद्धता राहते, आणि ती थोडी गोष्ट नव्हे. साडेअकरा फुटांच्या आंत बसलेल्या त्या स्प्राइटमध्यें कोठलीही रेघ आपल्या गरजेहून लांब गेलेली नाहीं. युद्धानंतर १९४५ सालीं निघालेल्या एमजी टीसीचे डौलदार पंखे आणि उंच तारांचीं चाकें पाहून अमेरिकेंतील तरुण भाळले, आणि सुकाणू आपल्या देशाच्या रहदारीस विपरीत अशा उजव्या हातास असूनही त्यांनीं ती विकत घेतली. गरजेनें घेतली असती तर असें झालें नसतें.

या गाड्यांचा अंतही त्यांच्या चाहत्यांच्या मनांत सलतो. अबिंग्डन गांवीं १९२९ पासून एमजीचा कारखाना होता. सप्टेंबर १९७९ मध्यें त्याच्या पन्नाशीचा उत्सव गांवानें मिरवणुकीसह साजरा केला. आणि उत्सव संपतो न संपतो तोंच, लगेचच्या सोमवारीं, मालक ब्रिटिश लेलंड कंपनीनें कारखाना मिटविण्याचा मनोदय जाहीर केला. १९८० च्या ऑक्टोबरांत तो बंद झाला. त्याच १९७९ च्या नोव्हेंबर अखेरीस लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीचा कारखाना मिटला, जेथें डिंकी टॉइज तयार होत. मोठी मोटार आणि तिची चिमुकली प्रतिमा यांच्या मृत्यूचीं फर्मानें एकाच हिवाळ्याच्या तोंडावर निघावीं, हा योगायोगच. पण तेव्हां दहा-बारा वर्षांचीं असलेलीं इंग्रज मुलें आज आमच्या वयाचीं झालीं आहेत, आणि या छंदांतील बराचसा पैसा व बरेचसे अश्रू त्यांचेच आहेत.

प्रतिकृतींचा विषय निघालाच आहे तर तेथें थोडें रेंगाळूं, कारण आमच्या दृष्टीनें कलेचा खरा प्रश्न तेथेंच आहे. फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीनें १९३३ सालीं ओतीव धातूच्या ज्या पहिल्या लहान गाड्या काढल्या, त्या स्वतंत्र खेळणें म्हणून नव्हे, तर त्यांच्या खेळण्यांतल्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयास म्हणून. पुढच्या वर्षीं त्यांना डिंकी हें नांव मिळालें. आगगाडीचें इंग्रजी प्रमाण एका फुटास सात मिलिमीटर असें होतें. त्यावरून त्रेचाळिसांस एक हें प्रमाण मोटारींच्या प्रतिकृतींत रूढ झालें, आणि आगगाडी केव्हांच अडगळींत गेली तरी तें जगभर टिकून आहे. या प्रमाणानें आमच्या यजमानांची स्प्राइट आठ सेंटिमीटरची होते. आतां येथें गणित सोपें व कला अवघड. खऱ्या चाकाची तार चार मिलिमीटर जाड धरली तर प्रतिकृतींत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक हवी. उलट प्रतिकृतीवरील रंगाचा थर तेवढाच जाड असला, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबानें तो चार मिलिमीटरचा लेप होतो, आणि दाराच्या फटी त्यांत बुजून जातात. म्हणजे प्रत्येक गोष्ट त्रेचाळीसनें भागून कोणालाही खरी मोटार मिळत नाहीं. कांहीं सोडावें लागतें, कांहीं किंचित् वाढवावें लागतें, आणि काय सोडावें हें ज्याला कळतें तो कारागीर.

जुन्या डिंकीवाल्यांस तें कळत होतें. त्यांच्या एमजीच्या चाकांत तारा नाहींत, नुसत्या साध्या चकत्या आहेत. पण पुढच्या पंख्याचा झोंक असा साधला आहे कीं खोलीच्या दुसऱ्या टोंकावरून गाडी ओळखूं यावी. १९५६ सालीं कॉर्गी कंपनीनें आपल्या गाड्यांस पारदर्शक कांचा बसविल्या आणि डिंकीची झोंप उडविली. मॅचबॉक्सची कथा तर सर्वांत गोड. शाळेंत काडेपेटींत मावेल एवढेंच खेळणें आणावें असा नियम होता, म्हणून जॅक ओडेल यांनीं आपल्या मुलीसाठीं रस्ता दाबण्याच्या एंजिनाची तेवढी प्रतिमा करून दिली, आणि त्यांतून १९५३ सालीं एक धंदा उभा राहिला. हल्लींच्या प्रतिकृतींत आम्लानें कोरलेल्या पातळ पत्र्याचीं चाकें असतात, घड्याळांवरील आंकडेही भिंगानें वाचतां येतात. त्यांतील पुष्कळशा आम्हांस निर्जीव वाटल्या. सर्वच वाटल्या असें मात्र म्हणवत नाहीं; यजमानांच्या टेबलावरील नव्या स्प्राइटचें तें बेडकाचें हास्य इतकें अचूक उतरलें होतें कीं, बारीकसारीक तपशिलाविरुद्ध मनांत जुळविलेलें आमचें व्याख्यान आम्हांस आवरतें घ्यावें लागलें.

आमची खरी तक्रार आहे ती बंद पेटींच्या उपासकांशीं. बाजारांत खेळण्याइतकीच, कित्येकदां अधिकही, किंमत त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यास येते, आणि ज्या गाडीशीं कोणी मूल कधींच खेळलें नाहीं ती सर्वांत मोलाची ठरते. मुलासाठीं केलेल्या वस्तूचा, तिला मुलाचा हात लागला नाहीं म्हणून गौरव करावा, हा रसिकतेचा विपर्यास नव्हे तर काय? यावर निसर्गानेंही एक क्रूर विनोद करून ठेविला आहे. युद्धापूर्वींच्या कित्येक डिंकी गाड्या ज्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतल्या, त्यांत शिशासारखीं हीण द्रव्यें राहून गेलीं. त्यामुळें तो धातु वर्षानुवर्षें आंतल्या आंत फुगतो, तडकतो आणि शेवटीं त्याचा भुगा होतो. कपाटांत जपलेल्या खोक्यांतही तो होतो. खेळून रंग उडालेली गाडी आणि जपून भुगा झालेली गाडी यांत आम्ही पहिलीच पसंत करूं.

डिंकीचे कांहीं जुने सांचे १९६० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास आले, व तेथें 'निकी टॉइज' नांवानें त्यांतून गाड्या निघत. ओतकाम ओबडधोबड, रंग जाड. पण या देशांतील पुष्कळ मुलांनीं डिंकी पाहिली ती याच वेषांत. एमजीची अष्टकोनी मुद्राही आतां आपल्याकडे आली आहे. ती आज एका चिनी कंपनीच्या मालकीची असून २०१९ पासून गुजरातेंत हालोल येथें त्या नांवाच्या मोटारी तयार होतात, बहुतेक उंच व धिप्पाड. त्याच मुद्रेची दोन माणसांची, विजेवर चालणारी 'सायबरस्टर' नांवाची उघडी गाडी २०२५ सालीं येथें विक्रीस आली. ती वजनानें जवळजवळ दोन टनांची, म्हणजे तीन स्प्राइट तागडींत घातल्या तरच तिची बरोबरी व्हावी. ती वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिचें कूळ मात्र निराळें.

त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं यजमानांस विचारलें कीं, खरी गाडी बाहेर शेडमध्यें उभी असतां तिच्या आठ सेंटिमीटरच्या प्रतिमेवर एवढे पैसे कशाला खर्चिले? तो थोडा लाजला व म्हणाला, "सर, ती गाडी चालवीत असतांना मला तिचें तोंड दिसत नाहीं ना." वर्गांत त्यानें असें एकही उत्तर दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. त्याची सहा वर्षांची कन्या तेवढ्यांत ती प्रतिमा उचलून जमिनीवर फरफरवीत नेऊं लागली, आणि त्यानें तिला अडविलें नाहीं. फक्त गालिच्याची कड दुमडली होती ती पायानें सरळ केली.