जगबुडीनंतरची शरीरं

डॅनी बॉइल यांच्या '28 डेज लेटर' (2002) या चित्रपटाचा नायक जिम लंडनच्या एका रुग्णालयात शुद्धीवर येतो, अंगाला लावलेल्या नळ्या उपटून काढतो आणि थोड्याच वेळात वेस्टमिन्स्टर पुलावरून एकटा चालत जाताना दिसतो. चार आठवडे बेशुद्ध पडून राहिलेला माणूस! महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ज्यांनी कधी धरून उभं केलं असेल, त्यांना हे पाहून हसू येईल. पण तेवढी सूट सिनेमाला देता येते. खटकतं ते रिकामं रुग्णालय. बाकीच्या खाटांवरची माणसं गेली कुठे? डायलिसिसवरचे, ऑक्सिजनवरचे, पायाला वजनं बांधून पडलेले? जगबुडीनंतरच्या चित्रपटांनी हा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत, कॅमेऱ्याआड निकालात काढला आहे. धडधाकट माणसं पळतात आणि कथा त्यांच्या मागे धावते.

जे अपंग पडद्यावर उरतात ते बहुधा विनाशाची खूण म्हणून. बीबीसीचा 'थ्रेड्स' (1984) अणुयुद्धानंतरचं शेफील्ड दाखवताना पुढच्या पिढीची मोडकीतोडकी भाषा हे सर्वनाशाचं अखेरचं टोक म्हणून वापरतो. तिथे त्यामागचा संताप तरी रास्त आहे. 'वॉर फॉर द प्लॅनेट ऑफ द एप्स' (2017) मध्ये विषाणूमुळे माणसांची वाचा जाते, आणि एक कर्नल 'हा आता माणूस राहिला नाही' म्हणून स्वतःच्या मुलाला ठार मारतो. गंमत अशी की त्याच चित्रपटात वानरांचा अख्खा समाज हातांच्या खुणांवर चालतो, आणि मूक मुलगी नोव्हा त्या खुणा पाहता पाहता शिकते. कर्नलचा सिद्धान्त चित्रपटाने स्वतःच खोडून काढलेला असतो, पण हे चित्रपटाला पुरतं उमगलेलं दिसत नाही. व्यंग म्हणजे अधोगती ही सवय जुनीच आहे. मंथरेचं कुबड आणि दूरदर्शनवरचा लंगडत येणारा शकुनी आपल्याही डोळ्यांसमोर आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. आंधळा, बहिरा, हात गमावलेला माणूस जगबुडीच्या आधीपासून एका अडचणीच्या जगात राहत आलेला असतो. वाट कशी काढायची, मदत कुणाची आणि कशी घ्यायची, हे त्याला इतरांपेक्षा आधी कळलेलं असतं. या ज्ञानाकडे ज्या दिग्दर्शकांचं लक्ष गेलं, त्यांचे चित्रपट टिकले. बाकीच्यांनी अपंगत्वाचं रूपक केलं आणि माणूस हरवला.

फर्नांडो मेरेलेस यांचा 'ब्लाइंडनेस' (2008) हे अशा हरवण्याचं ठळक उदाहरण. सारामागो यांच्या 1995 च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. शहरच्या शहर आंधळं होतं आणि बघता बघता माणसं विष्ठेत लोळू लागतात, अन्नासाठी बायकांवर अत्याचार करतात. अमेरिकेतल्या 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या संघटनेने चित्रपटगृहांबाहेर निदर्शनं केली. हे केवळ रूपक आहे, असा बचाव झाला. पण जन्मापासून आंधळा असलेला जो एक माणूस त्या गर्दीत आहे, ज्याला कोठडीतून वाट काढायची कशी हे सर्वांना शिकवता आलं असतं, तो नेमका लुटारूंचा हिशेबनीस होतो. एवढं हाताशी असताना लेखक-दिग्दर्शकांनी त्याच्याकडून एवढंच करून घेतलं! सुझान बीअर यांचा 'बर्ड बॉक्स' (2018) बऱ्या वाटेने निघतो. डोळे उघडले की मरण, म्हणून नायिका दोन लहान मुलांसह डोळ्यांवर पट्टी बांधून नदीतून होडी नेते, आणि शेवटी जिथे आसरा मिळतो ती जागा अंधांची जुनी शाळा निघते. कथा खरं तर इथून सुरू व्हायला हवी. तिथल्या लोकांनी ही वर्षं कशी काढली? हे कळायच्या आत श्रेयनामावली येते. शिवाय मनोरुग्णांना चित्रपटाने सरळ खलनायकांच्या रांगेत बसवलं आहे: ते संकटाकडे पाहूनही मरत नाहीत आणि इतरांचे डोळे जबरदस्तीने उघडतात. अंधांना न्याय आणि मनोरुग्णांवर अन्याय, एकाच तिकिटात.

त्यापेक्षा 'द बुक ऑफ ईलाय' (2010) मधलं एक छोटं दृश्य मला जास्त मोलाचं वाटतं. डेन्झेल वॉशिंग्टनचा ईलाय आंधळा असूनही तलवारीने टोळ्या कापतो, हा भाग नेहमीचाच. आंधळ्याला अतिमानव केलं की त्याची काळजी घ्यावी लागत नाही. पण ज्या ग्रंथासाठी खलनायक कार्नेगीने इतका रक्तपात केला तो हाती येतो तेव्हा ब्रेलमध्ये निघतो. वाचू शकणारी एकच व्यक्ती जवळ आहे, त्याने वर्षानुवर्षं मारझोड केलेली आंधळी क्लॉडिया. ती बोटं फिरवते आणि म्हणते, फार दिवस झाले, विसरले. सगळी सत्ता त्या एका बोटाखाली येऊन थांबते.

जॉन क्रासिन्स्की यांच्या 'अ क्वाएट प्लेस' (2018) ने हे ज्ञान कथेच्या मुळाशी ठेवलं. आवाज झाला की श्वापदं झडप घालतात. ॲबट कुटुंब वाचतं, कारण थोरली मुलगी रेगन बहिरी आहे आणि सगळं घर आधीपासूनच खुणांच्या भाषेत बोलतं. ही भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः बहिरी आहे, आणि त्याचा फरक भांडणातसुद्धा दिसतो: हातांचा वेग, चेहऱ्याचा राग, मध्येच तोडलेलं वाक्य. ध्वनियोजना तर शिकण्यासारखी. कानामागचं यंत्र चालू असताना रेगनच्या बाजूने एक मंद गुंजन ऐकू येतं. ते बंद केलं की ठार शांतता. धाकट्या भावाच्या मृत्यूचं ओझं ती मनात वागवते. बाप तळघरात बसून तिच्यासाठी यंत्र दुरुस्त करत राहतो, आणि तिला ते आता नको आहे. ऐकू येणाऱ्या पालकांचं प्रेम आणि बहिऱ्या मुलाचा कंटाळा यांचं हे नातं अमेरिकन मुख्य प्रवाहातल्या भीतिपटात इतक्या खरेपणाने आलेलं मी पाहिलेलं नाही.

तरी कुरकुर उरतेच. शेवटी श्वापदांना हरवतो तो यंत्राचा कर्कश आवाज, हातांची भाषा नव्हे. आणि त्या यंत्राला लागणारी वीज एवढ्या काळानंतर येते कुठून, हे कुणी विचारत नाही. श्रवणयंत्र वापरणारा प्रेक्षक मात्र पहिल्यांदा तेच विचारेल.

जॉर्ज मिलर दिग्दर्शक होण्याआधी सिडनीत डॉक्टर होते, आणि त्यांच्या 'मॅड मॅक्स' मालिकेत शरीर जखमी झालं की जखमीच राहतं. 1979 च्या पहिल्या चित्रपटात मॅक्सच्या गुडघ्यात गोळी लागते. 1981 च्या दुसऱ्यात त्याच्या पायाला आधारपट्टा आहे. 'बियाँड थंडरडोम' (1985) मध्ये बुटका मास्टर महाकाय ब्लास्टरच्या खांद्यावर बसून राज्य चालवतो, आपल्या पंगु-अंध न्यायाचा जणू रांगडा अवतार. मास्टर झालेले अँजेलो रॉसिटो 1932 च्या 'फ्रीक्स'मध्येही होते. ब्लास्टरचं शिरस्त्राण पडतं, आतून लहान मुलासारखा निरागस चेहरा दिसतो आणि मॅक्सचा हात थांबतो. इथे दया आहे, पण तीही चेहरा पाहिल्यावर.

'फ्युरी रोड' (2015) दयेच्या पुढे जातो. फ्युरिओसाचा डावा हात कोपराखाली नाही. का नाही, हे चित्रपट सांगत नाही, कुणी विचारत नाही. ती यांत्रिक हात लावून ट्रक चालवते, तो नसतानाही झुंजते. चिखलात रुतलेल्या रात्री मॅक्सच्या गोळ्या वाया जातात, एकच उरते. तो बंदूक तिच्याकडे देतो आणि ती त्याच्या खांद्यावर नळी टेकवून नेम साधते. त्याच्या बाजूने उपकार नाही, तिच्या बाजूने आभार नाहीत. अशा दृश्याला भाषण लागत नाही. मॅक्सला दिसणारे मेलेल्यांचे भासही इथे नुसते सजावटीचे नाहीत. एका भासाने तो कपाळापुढे हात धरतो, आणि बाण डोक्याऐवजी हातात घुसतो.

पण मिलर दोन्ही डगरींवर हात ठेवतात. इमॉर्टन जोच्या पाठीवरचे फोड, श्वासाचा मुखवटा, त्याच्या साथीदारांचे सुजलेले देह: दुष्टपणा त्वचेवर उमटतोच. निर्व्यंग वारसासाठी बायका कोंडणारा हुकूमशहा स्वतः व्याधींनी पोखरलेला आहे, हा उपरोध मान्य. तरी प्रेक्षकाला किळस कशाची यावी, हे रंगभूषाच ठरवते. त्यात 2024 च्या 'फ्युरिओसा'ने हात कसा गेला ते तपशीलवार दाखवून टाकलं. जे न सांगण्यात ताकद होती त्याची पूर्वकथा झाली.

मनाच्या जखमेबाबत मात्र हॉलीवूडपेक्षा ज्यांच्यावर बॉम्ब खरोखर पडला त्यांच्याकडे जावं लागतं. शोहेई इमामुरा यांचा 'ब्लॅक रेन' (1989) जगबुडीनंतरचा चित्रपट मानला जात नाही. का नाही, हे मला कळलेलं नाही. हिरोशिमा बुडालंच होतं. काळ्या पावसात भिजलेल्या यासुकोची स्थळं एकामागून एक मोडतात. मुलगी निरोगी आहे हे दाखवायला काका डॉक्टरचा दाखला मिळवतो, रोजनिशी उतरवून काढतो. संशय त्याने वाढतोच. शेजारचा युइची युद्धावरून परतला आहे. गाडीच्या इंजिनाचा आवाज आला की शत्रूचा रणगाडा समजून तो धावून जातो, एरवी दगडाच्या मूर्ती घडवतो. गावाला त्याची सवय झालेली आहे, आणि यासुकोला समजून घेणारा शेवटी तोच असतो. हे दुखणं झटक्यात येणाऱ्या पूर्वस्मृतींत मावत नाही. ते सोयरिकीत, गल्लीत, रोजच्या आवाजांत पसरलेलं आहे.

सोव्हिएत दिग्दर्शक लोपुशान्स्की यांच्या 'डेड मॅन्स लेटर्स' (1986) मध्ये धक्क्याने मुकी झालेली मुलं मध्यवर्ती तळघरात घेतली जात नाहीत. म्हातारा प्राध्यापक त्यांच्यापाशी राहतो. निवड कोणाची होते आणि कोणाला दाराबाहेर ठेवलं जातं, हा प्रश्न इतका उघडपणे फार थोड्यांनी विचारला आहे.

अलीकडे मात्र काही बदलतंय. 'अ क्वाएट प्लेस: डे वन' (2024) ची नायिका सॅम कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तिला जग वाचवायचं नाही, हार्लेममधला पिझ्झा खायचा आहे. घाबरून श्वास अडकणारा एरिक तिचं वेदनाशामक आणायला औषधाच्या दुकानात शिरतो, आणि त्या दोन आजारी माणसांची एकमेकांना सांभाळण्याची रीत श्वापदांपेक्षा जास्त लक्षात राहते. '28 इयर्स लेटर' (2025) मध्ये मुलगा आजारी आईला डॉक्टरकडे न्यायला बेट सोडतो. दोन्ही चित्रपटांत शुश्रूषा हीच कथा आहे. आणि दोन्हींत आजारी बाई स्वतःच्या मरणाची वेळ निवडते. एकदा हे पटतं. लागोपाठ दोन वर्षांत तेच दिसलं की शंका येते: तिला सन्मानाने मारणं पटकथेला जमतं, मग आणखी पाच वर्षं आजारी ठेवून जगवणं का जमू नये? 'फ्युरी रोड'मध्ये जोचा मुलगा कॉर्पस शेवटपर्यंत जिवंत असतो. ठिसूळ हाडांचा आजार घेऊन जन्मलेल्या क्वेंटिन केनिहान यांनी ती भूमिका केली होती. बापाचं राज्य गेलं, सेवेकरी पांगले. फ्युरिओसाच्या नव्या राजवटीत त्याला खुर्चीतून कोण उचलतं, हा चित्रपट अजून कुणी केलेला नाही.