८६ टक्के कुणाचे?

यवतमाळ असो की पुसद, कुठल्याही लॅबमधल्या लिनक्स मशीनवर साध्या खात्याने लॉगिन करा आणि /ईटीसी/पासडब्ल्यूडी ही फाइल उघडा. रूटचे अधिकार लागत नाहीत. एका खात्याला एक ओळ, त्यात सात रकाने: लॉगिन नाव, पासवर्ड, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक (जमिनीचा नव्हे!), माहिती, होम डिरेक्टरी, शेल. पासवर्डच्या रकान्यात बहुधा नुसता ‘एक्स’ दिसेल.

तो एक्स का आला हे कळायला रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा १९७९चा ‘पासवर्ड सिक्युरिटी: अ केस हिस्टरी’ हा पेपर वाचा. जेमतेम चार पानं आहेत.

ही फाइल सगळ्यांना उघडी असते, कारण डिस्कवर फाइलच्या मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांकावरून नाव काढायला ‘एलएस’सारख्या साध्या आज्ञेलाही ती लागते. सातबारा जसा कुणालाही बघता येतो, तसंच. पण सातबाऱ्यावर खातेदाराचा बँकेचा पिनही सांकेतिक रूपात छापला तर? युनिक्सने बरीच वर्षं नेमकं हेच केलं.

लेखकांची बाजू कच्ची नाही. सीटीएसएस या जुन्या प्रणालीत एकदा पासवर्डची फाइल आणि रोजच्या सूचनेची फाइल यांची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. म्हणून लपवण्यावर विसंबायचंच नाही: मूळ पासवर्ड ठेवायचा नाही, डीईएस २५ वेळा चालवून आलेलं रूप ठेवायचं, आणि त्यात १२ बिटांचं ‘सॉल्ट’ मिसळायचं. एकाच पासवर्डची ४,०९६ रूपं होऊ शकतात.

इथवर मला पेपर पटतो. अडचण पुढे आहे. लपवणं पुरेसं नाही हे खरं, पण म्हणून ते रूप चव्हाट्यावर ठेवलं की कुणीही फाइल उचलून निवांत अंदाज ताडून बघू शकतो. सगळी भिस्त मग गणित किती हळू चालतं यावर. फेल्डमायर आणि कार्न यांनी १९८९मध्ये, दहा वर्षांनंतरचा आढावा घेताना, ते किती वेगाने करता येतं हे दाखवलं. आज ते रूप /ईटीसी/शॅडोमध्ये असतं, फक्त रूटला वाचता येतं. हॅशही आहे आणि लपवणंही आहे.

तुमच्यासाठी खरी मेख मात्र आकड्यांत आहे. ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज सापडण्याजोगे निघाले. त्यात १५ तर एकाच अक्षराचे. हा आकडा सगळे उचलतात. पण हे पासवर्ड कुणाचे? पेपर एवढंच सांगतो की ते बऱ्याच वापरकर्त्यांकडून, मोठ्या कालावधीत गोळा केले. किती मशीन, कुठल्या संस्था, एकाच माणसाचे किती, काही नाही. बंधन नसताना लोक काय निवडतात, एवढंच यातून दिसतं. ‘८६ टक्के लोक’ असं त्यातून निघत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा आकडा घेणार असाल तर पुढे ‘या नमुन्यात’ हे दोन शब्द लिहा. गाइडने खोडले तरी परत लिहा.