जाँग आ सिउगचें बाड
व्हिक्टोरियांतील सोन्याच्या खाणींवर राबलेल्या या चिनी इसमाचें स्वदस्तुरचें बाड मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयांत आहे. १८६६ सालीं सुरीनें वार केल्याच्या आरोपानंतर तो वेड्यांच्या इस्पितळांत कोंडला गेला, तो १९०० सालीं मरेपर्यंत. बाड तेथेंच लिहिलेलें. शब्द इंग्रजी, मोडणी चिनी. मूर व टली यांनीं २००० सालीं तें सुबोध इंग्रजींत उतरवून छापलें. श्रम स्तुत्य खरे. परंतु अशी मोडणी सरळ केली कीं दुहेरी अर्थ एकेरी होतो, आणि हा तर आरोपीचा स्वतःचा जबाब! वेड कीं भाषेची अडचण, हा वाद त्या मोडक्या वाक्यांतच आहे. बखरी ‘शुद्ध’ करून छापणारे आमच्याकडेही होतेच. आमच्या मतें अभ्यासकानें मूळ ओळ समोर ठेवूनच हें पुस्तक वाचावें.