आंतरग्रंथालयीन देवघेव आणि सूचीतील मराठी

आंतरग्रंथालयीन देवघेवीचे दिवस आता संपले, असे मत विद्यापीठीय वर्तुळात अलीकडे व्यक्त होऊ लागले आहे. त्यास आधार दिला जातो तो 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके, असा तिचा व्याप आहे. रसायनशास्त्राच्या अभ्यासकाची अडचण तिने पुष्कळ दूर होईल, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी व्याकरणांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यास या १३,००० नियतकालिकांचा उपयोग तो किती? त्याची साधने जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून सतरा वर्षांनी वडील. अशा संस्था विद्यापीठीय व्यवस्थेचा भाग नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने सिद्ध केलेली 'इंडकॅट' ही संयुक्त सूची मुख्यतः विद्यापीठ-ग्रंथालयांची आहे. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'वरून पुस्तक छापले गेले होते, हे कळते. त्याची प्रत आज कोठे आहे, हे संयुक्त सूचीनेच सांगावयाचे असते.

आणि खरी मेख येथेच आहे. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. एखादा सूचिकार जुन्या वळणाने 'भाषेचें' असे लिहील, दुसरा १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांस अनुसरून 'भाषेचे' असे. ग्रंथकाराची नोंद कोणी 'दादोबा' खाली करील, कोणी 'पांडुरंग' खाली, कोणी 'तर्खड' तर कोणी 'तर्खडकर' या आडनावाखाली. रोमन लिपीत नोंद केली, तर गोंधळ वाढतोच. एकट्या 'ज्ञ'चे लिप्यंतर दोन-तीन प्रकारे होते. वाचकास हे सर्व एकच वाटेल. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रास मात्र एक अनुस्वारही पुस्तक हरवण्यास पुरतो. प्रत शेजारच्या गावी असूनही 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते, आणि दोष मात्र देवघेवीच्या पद्धतीवर येतो.

जीर्ण प्रत टपालाने धाडावी, असा आग्रह कोणीही धरू नये. दादोबा १८८२ मध्ये निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ही स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच उलटली असल्याने पुस्तकाऐवजी त्याची छायाप्रतिमा पाठवण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र कोणत्या पुस्तकाची प्रतिमा मागावयाची, हे आधी सापडले पाहिजे. त्यासाठी मुखपृष्ठावरील मूळ लेखन जसेच्या तसे, त्यासोबत प्रचलित लेखन, आणि ग्रंथकाराच्या सर्व नामरूपांचे परस्परनिर्देश, एवढे तरी प्रत्येक नोंदीत हवे. हे काम ग्रंथपालांच्या माथी मारून मराठी विभागांनी स्वस्थ बसणे उचित नव्हे; 'तर्खड' आणि 'तर्खडकर' एकच, हा निर्णय सूचिशास्त्राचा नसून भाषेच्या आणि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाचा आहे.